निघायचा फूट आधी ठरवा

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही सांगलीत राहतो. हे मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात सहा महिन्यांसाठी जहाजावर जातील. घरात मी, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना इन्सुलिन चालू आहे. घर तळमजल्याचं, वर गच्ची आणि जिन्याची खोली. 2019 च्या पुरात हॉलमध्ये साडेपाच फूट पाणी होतं, 2021 ला तीन फूट. दोन्ही वेळा हे सुट्टीवर होते, सगळं त्यांनीच बघितलं. यंदा मी एकटी. सासूबाई म्हणतात, 2005 ला आम्ही गच्चीवर बसून काढलं, आताही काढू. मला वाटतं शिरोळकडं माहेरी जावं. जहाजावर फोन लागेलच असं नाही, आणि यांना विचारल्याशिवाय एवढा मोठा निर्णय घ्यायची मला सवय नाही. कधी निघायचं, कुठं जायचं आणि त्याआधी काय करून ठेवायचं, ते सांगाल का?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य साडेपाच फूट आणि तीन फुटांचं आहे. त्यावरून तुमच्या घराचा आकडा काढता येतो. तो आकडा हातात आला की पाऊस कोसळत असताना कुणाला विचारत बसायची वेळ येत नाही.

सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 2019 ला साडेसत्तावन्न फुटांवर गेली होती. त्यातून तुमच्या हॉलमधलं साडेपाच फूट वजा करा, 52 येतात. 2021 ला ती साधारण 55 पर्यंत चढली, त्यातून तीन वजा केले की पुन्हा 52. दोन पुरांचं गणित एकाच ठिकाणी येतंय, म्हणजे भरवसा ठेवायला हरकत नाही. आयर्विनला 52 फूट झाले की पाणी तुमच्या उंबऱ्याला टेकतं. भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ दिसत असेल तर टेपनं एकदा मोजून खात्री करा.

पण उंबऱ्याचा आकडा हा निघायचा आकडा नव्हे. घराच्या आधी गल्ली बुडते, आणि माणसं अडकतात ती तिथंच. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतच्या वाटेत सगळ्यात सखल जागा कोणती ते बघा. ती उंबऱ्यापेक्षा किती खाली आहे हे डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप आणा. पाइपात पाणी भरा, एक टोक उंबऱ्यापाशी एकानं धरायचं, दुसरं सखल जागेजवळच्या खांबापाशी दुसऱ्यानं. दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीत उभं राहतं. उंबऱ्याकडच्या टोकातलं पाणी बरोबर उंबऱ्याच्या वरच्या कडेला आणायचं, खांबावर पाणी जिथं थांबेल तिथं खूण करायची आणि तिथून रस्त्यापर्यंत टेपनं मोजायचं. पाइपात बुडबुडा राहिला किंवा टोकावर अंगठा तसाच दाबून ठेवला तर माप खोटं येतं. अंतर जास्त असेल तर टप्प्याटप्प्यानं मोजून बेरीज करा. हे दोघांचं काम आहे, तेव्हा ते साहेब घरी आहेत तोवरच उरका.

समजा ती जागा चार फूट खाली निघाली. म्हणजे 48 फुटांना तुमची वाट बंद. आता त्यातून रात्र वजा करायची. नदी कधी इंचाइंचानं चढते, कधी झपाट्यानं. तासाला अर्धा फूट धरला तरी झोपेच्या आठ तासांत चार फूट होतात. 48 मधून चार गेले, राहिले 44. तुमचा निघायचा फूट 44. सांगलीची इशारा पातळी 40 आहे आणि धोक्याची 45, म्हणजे तुम्ही धोक्याच्या पातळीच्या एक फूट आधीच बाहेर पडलेल्या असाल. तुमचं माप वेगळं आलं तर आकडा बदलेल, रीत तीच. शेजाऱ्यांनाही विचारा, 2021 ला आपल्या गल्लीत पाणी आलं तेव्हा आयर्विनला किती होतं. पुष्कळ जणांना ते तोंडपाठ असतं. पाणी नदीकडून येण्याआधी गटारातून आणि नाल्यातून उलटं वर येतं, त्यामुळं त्यांचा आकडा तुमच्या मापापेक्षा कमी असेल तर त्यांचाच धरा.

हा आकडा आजच दोघांनी मिळून ठरवा आणि कागदावर लिहून फ्रिजवर लावा. विचारून निर्णय घ्यायची सवय आहे म्हणालात, तर विचारणं इथंच होऊ द्या, मे महिन्यात, समोरासमोर. जुलैत 44 झाले की फोन लागो न लागो, निघायचं. साहेबांनाही आमचं एक सांगणं आहे: हजारो मैलांवरून जुन्या पुराच्या आठवणीवर "थोडं थांब, बघू" असं सांगू नका. पाणी जिच्या दारात आहे तिचा शब्द शेवटचा.

पातळी कुठं बघायची? पाटबंधारे विभागाचं पूर नियंत्रणाचं पत्रक पावसाळ्यात रोज निघतं आणि पूर चढू लागला की दिवसातून कितीतरी वेळा. त्यात कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी आणि मग आयर्विन अशी ओळीनं पातळी दिलेली असते. आयर्विनपेक्षा भिलवडीकडं आधी बघा, ते नदीच्या वरच्या अंगाला आहे. तिथं पाणी चढतच असेल तर सांगलीत ते उतरणार नाही, यायचंच आहे. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि सांगलीला पोचायला साधारण एक दिवस घेतं. पण नुसता कोयनेचा क्युसेकचा (धरणातून किती पाणी सोडलं त्याचा) आकडा बघून पातळीचा अंदाज बांधू नका. वारणा सांगलीच्या खाली हरिपूरला कृष्णेला मिळते. ती तुडुंब असली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, शहरात फुगतं. धरणातून विसर्ग कमी केल्याची बातमी आल्यावरही आयर्विनला पाणी चढत राहतं ते यामुळंच. पातळी 35 च्या वर गेली की रोज दुपारी चारला हिशेब करा: उद्या सकाळपर्यंत 44 होतील का? होतील असं वाटलं तर अंधार पडायच्या आत बाहेर.

शिरोळला जाऊ नका. माहेरची ओढ आम्हाला कळते, पण कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला एकत्र येतात आणि सांगलीत पूर असतो तेव्हा शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात असतात. त्यात रस्ता. अंकलीकडून कोल्हापूरला जाणारा मार्ग बंद होतो, आणि 2019 ला तर कोल्हापूरजवळच्या शिरोलीला पुणे-बंगळूर महामार्गही कितीतरी दिवस बंद होता. दोन्हीकडं पाणी आणि मधे तुम्ही, असं व्हायला नको. विश्रामबाग, कुपवाड ही सांगलीची उंचावरची बाजू. तिथं नात्यातलं, ओळखीचं कुणी असेल तर आत्ताच जाऊन स्पष्ट बोला: चार माणसं, आठ-दहा दिवस. 2019 ला पाणी हटायला आठवड्याच्या वर लागला होता, तेव्हा "दोन दिवस येऊ" असं सांगून नंतर संकोचात राहण्यापेक्षा खरं सांगितलेलं बरं. कुणीच नसेल तर महापालिकेचं निवारा केंद्र कोणत्या शाळेत असतं ते वॉर्डात विचारून ठेवा.

गच्चीवर बसून काढायचा बेत मात्र सोडा. सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. तुमच्याच हिशेबानं 2005 ला घरात जेमतेम दीड-दोन फूट पाणी आलं असणार, तेव्हा गच्चीवर निभावलं. साडेपाच फुटांत खाली उतरता येत नाही, संडास नाही, वीज नाही, आणि साखर कमी-जास्त झाली तर डॉक्टरकडं न्यायला बोट लागते. बोटीची वाट बघणं हाच मोठा धोका आहे. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना आणि मुलांना 40 फुटांनाच पुढं पाठवा. त्यावेळी रस्ते कोरडे असतात, रिक्षा मिळते, आणि "पाण्याला भिऊन घर सोडलं" असं त्यांना वाटत नाही. चार दिवस पाहुण्यांकडं जाऊन येणं एवढंच होतं. देव त्यांनी स्वतःच्या पिशवीत स्वतः बांधून घ्यावेत.

आता 40 ते 44 च्या मधली कामं. बहुतेक जण इथंच चुकतात, कारण जड वस्तू एकटीनं हलत नाहीत आणि त्या वेळी मदतीला माणूस मिळत नाही. म्हणून जड ते जूनमध्येच वर न्या. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी 50 किलोच्या वर भरते. ती आत्ताच जिन्याच्या खोलीत हलवा, आणि बॅटरीबरोबर इन्व्हर्टरही. काही वायरमन नुसती बॅटरी वर नेऊन 12 व्होल्टच्या केबल लांबवतात. त्यात व्होल्टेज कमी होतं, केबल तापते. लांबवायची ती 230 व्होल्टची वायर. त्या खोलीला हवा खेळती हवी, कारण चार्जिंगला बॅटरी वायू सोडते. त्याच वायरमनकडून जिन्याच्या खोलीला वेगळा एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) घालून घ्या, म्हणजे तळमजला बंद करून वर दिवा ठेवता येईल.

फ्रिज आणि वॉशिंग मशिन पाण्यात तरंगतात, हे माहीत नसल्यानं लोक ती जागेवरच सोडून जातात. परत येऊन बघतात तर फ्रिज दारावर आडवा पडलेला आणि दार उघडत नाही. वर न्यायला माणसं असतील तर उत्तम, नाहीतर रिकामा करून खिडकीच्या गजाला दोरीनं आवळून बांधा. गॅस सिलिंडरचंही तसंच. अर्धा रिकामा सिलिंडर हमखास तरंगतो आणि रेग्युलेटरची नळी ओढली जाते. रेग्युलेटर काढा, दोरी असलेली सेफ्टी कॅप घट्ट बसवा, सिलिंडर उभाच गजाला बांधा. जमिनीवर प्लास्टिकची पाण्याची टाकी असेल तर ती काठोकाठ भरून ठेवा. रिकामी टाकी उचलली जाते आणि पाइप तोडते. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात काहीही ठेवू नका. पाणी आलं की पत्रा गंजून फुगतो आणि कपाट कटरनं कापावं लागतं.

तळमजल्याचा संडास आणि बाथरूमची जाळी विसरू नका. घरात पहिलं पाणी बहुधा तिथून येतं, दारातून नाही. जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून, तोंड बांधून, ती संडासाच्या भांड्यात दाबून बसवा. जाळीवर तशीच पिशवी आणि वर वजन. साडेपाच फुटांचं पाणी यानं अडणार नाही. पण पाणी उंबऱ्याच्या खालीच थांबलं, तर गटाराची घाण घरभर होणं वाचतं.

मोटार साहेबांची, आणि ती जाईल ही सगळ्यांत मोठी आर्थिक भीती. 40 झाले की ती विश्रामबागेत उभी करून या. कुठल्याही कारणानं बुडालीच तर चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं इंजिन सुरू करायला गेलं की आतला रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान भरून मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. पॉलिसी काढून बघा, ते आहे का. घरासाठी भारत गृह रक्षा ही पॉलिसी बहुतेक सर्व जनरल इन्शुरन्स कंपन्या देतात. पूर त्यात येतो, आणि घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, घरातल्या सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं. नदी चढायला लागल्यावर नव्हे, आत्ता घ्या.

पैशाचा एक गुंता जहाजावरच्या माणसांच्या घरी नेहमी होतो. त्यांचा इथला सिम बंद, आणि बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर. त्यांचं एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं असेल तर त्यात तुमचं नाव "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" याच पद्धतीनं लागतं. म्हणजे नाव असूनही तुम्हाला पैसे काढता येत नाहीत. त्यासाठी त्यांनी तुम्हाला मुखत्यारपत्र देऊन बँकेत नोंदवावं लागतं, आणि ते काम जायच्या आधीचंच. शिवाय तुमच्या एकटीच्या नावच्या खात्यात दोन महिन्यांचा खर्च ठेवा. घरात आठ-दहा हजार रुपये शंभर-दोनशेच्या नोटांत असू द्या. पुरात वीज गेली की एटीएम बंद, टॉवर गेला की फोनवरून पैसे देणंही बंद, आणि पाचशेला सुटे कुणी देत नाही.

निघायची पिशवी म्हणजे पाठीवरची सॅक. ट्रॉली नको, कारण मुलांना पुढं पाठवणं जमलं नाही तर एका हातात चार वर्षांची मुलगी असणार. सॅक भरून मुलीला कडेवर घ्या आणि जिना चढून बघा. दम लागला तर सामान कमी करा. कागद दुहेरी झिपच्या पिशवीत: रेशनकार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, प्रॉपर्टी कार्डाचा उतारा, घरपट्टीची पावती, वीजबिल, तुमचं पासबुक, पॉलिस्या, साहेबांच्या पासपोर्टची आणि सीडीसीची (जहाजावरच्या नोकरीच्या पुस्तिकेची) झेरॉक्स. त्यांचं जहाज कोणतं, कंपनीच्या मुंबई ऑफिसमधल्या क्रू विभागाचा फोन कोणता, हेही एका कागदावर. मुलांच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबरांची चिठ्ठी.

इन्सुलिन वेगळं आणि सासूबाई निघतील तेव्हा शेवटच्या क्षणी फ्रिजमधून काढायचं. पंधरा दिवसांचा साठा, सुया, ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंश तापमानात ठेवायची असते. वापरातली बहुतेक इन्सुलिनं सुमारे चार आठवडे घरातल्या साध्या थंडाव्यात टिकतात, नेमकी मुदत तुमच्या औषधाच्या कागदावर बघा. वीज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवा. बर्फाला थेट लावू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी असतं, दिसायला मात्र ठीक दिसतं. जेवण पुढं-मागं होणार असेल तर डोस कसा बदलायचा हे डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या, आणि साखर एकदम उतरली तर द्यायला ग्लुकोजची पुडी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात.

साहेबांशी बोलणं कसं ठेवायचं? सांगलीबाहेरचा एक माणूस नेमा, पुण्यातले दीर-जाऊ, कुणीही. तुम्ही त्यांना दिवसातून दोनदा, सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहाला, साधा एसएमएस करायचा, कारण कॉल लागत नाही तेव्हाही तो बऱ्याचदा जातो. मजकूर ठरलेला: कुठं आहोत, चौघं बरे, आयर्विनला किती. ते पुढं जहाजावर कळवतील. नातेवाइकांचे चौकशीचे फोनही त्यांच्याकडंच वळवा, तुमची बॅटरी वाचेल. जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077, पोलिसांचा 112 आणि रुग्णवाहिकेचा 108 पाठ करून ठेवा.

घर सोडताना मेन स्विच बंद करा, पण पाय ओल्यात असेल किंवा पाणी बोर्डापर्यंत आलं असेल तर हात लावू नका, तसंच बाहेर पडा. नंतरही वायरमननं तपासल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. भिंतीतल्या नळ्यांत पाणी दिवसेंदिवस साठून राहतं.

परत आल्यावर झाडूला हात लावायच्या आधी फोटो काढा. प्रत्येक खोलीचे, पाण्याच्या रेघेचे, रेघेला टेप लावून आकडा दिसेल असे. पंचनाम्याला महसूल आणि महापालिकेचे लोक येतात तेव्हा घरात कुणीतरी हजर हवं. आधीच चकाचक केलेल्या घराचं नुकसान कागदावर कमी लागतं. सडलेलं धान्य, गाद्या फोटोनंतर लगेच टाकून द्या, त्यासाठी थांबू नका. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. गाळ ओला आहे तोवर खरवडा, वाळला की सिमेंटसारखा बसतो. गाळात उतरताना गमबूट घाला, कपाटामागं आणि अंथरुणाच्या ढिगात आधी काठी फिरवा, कारण पाण्याबरोबर साप घरात येतात. पुराच्या पाण्यात वावर झाला असेल तर लेप्टोसाठी (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापासाठी) गोळी घ्यायची का, हे आरोग्य केंद्रात विचारा. लहान मुलांना ती आपल्या मनानं देऊ नका. हौद उपसून, घासून, ब्लीचिंग टाकून घ्या आणि ओ.टी. टेस्टमध्ये (पाण्यातलं क्लोरिन तपासायच्या चाचणीत) क्लोरिन दिसेपर्यंत ते पाणी प्यायला वापरू नका.

अनुदान बँक खात्यावर जमा होतं. पंचनाम्यावर साहेबांचं खातं लिहिलं तर पैसे आले की नाही हे तुम्हाला महिनाभर कळणार नाही. तिथं तुमचा खातेक्रमांक लिहायला लावा, आणि सही करण्याआधी तो आकडा पासबुकाशी ताडून बघा.